हीटरला शिवलेलं कव्हर

मुलांनो, हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी ते स्वतःच वाचलं असतं. मराठी तुम्हाला समजतं, पण वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी मराठीतच लिहिते आहे, कारण हे तुमच्या बाबाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. यातली एक गोष्ट त्यालाही सांगायची राहिली आहे, आणि फोनवर ती सांगणं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

आताच लिहिण्याचं कारण साधं आहे. गेल्या रविवारी मोठीने फोनवर सांगितलं की आखन शहरात तिने दोन मैत्रिणींबरोबर सायकली दुरुस्त करायला एक गॅरेज भाड्याने घेतलं आहे. तिथे थंडीने बोटं वळत नाहीत, म्हणून घरच्या गॅरेजमधला आजोबांचा हीटर काढून ती तिकडे नेणार आहे. मागून तुमच्या बाबाचा आवाज आला, "ने की! पण आजोबांसारखं त्याच्यावर फडकं विसरू नकोस!" तुम्ही सगळे हसलात. मीही हसले. फोन ठेवला आणि कपाटातून कागद काढला.

तुमच्या बाबाला जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात लागून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. जवळच्याच गावात, द्राक्षमळ्यांच्या उताराखाली, त्याने तुम्ही आज राहता ते घर नुकतंच घेतलं होतं. मोठी नऊ महिन्यांची होती, धाकट्याचा अजून पत्ता नव्हता. तुमच्या आईची सुट्टी डिसेंबरअखेर संपत होती आणि जानेवारीत तिला हाइलब्रॉनच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं. मुलं सांभाळणारी एक टागेसमुटर ठरली होती, पण तिच्याकडे जागा होणार होती मार्चपासून. मधले दोन महिने बाळ माझ्याकडे राहणार होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन आम्ही दोघं गेलो ते त्यासाठीच.

म्हणजे मला काम होतं. आजोबांना नव्हतं. पिंपरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं मशिनं उभी केलेला माणूस खिडकीशी बसून समोरच्यांचं कुत्रं किती वाजता बाहेर पडतं याची नोंद ठेवू लागला. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी पोरीसाठी पांगुळगाडा करतो."

पांगुळगाडा तुम्ही पाहिला आहे, तळघरात आहे. तीन चाकांचा, पुढे धरायला आडवा दांडा. मूल त्याला धरून ढकलत ढकलत चालायला शिकतं. तुमच्या आईने दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा आणायची तयारी दाखवली. आजोबा म्हणाले, "सूनबाई, तो आपोआप पळतो आणि पोर मागे राहतं. याला वजन लागतं." मग तुमच्या बाबाने बीच झाडाचं लाकूड आणून दिलं, आणि गॅरेजमध्ये, गाडीच्या शेजारी जेमतेम दीड माणसाच्या जागेत, काम सुरू झालं. कानावरून माकडटोपी, दोन स्वेटर, बोटं कापलेले हातमोजे. तसे ते रंधा मारत. थंडीबद्दल एक शब्द बोलत नसत.

बोलावं लागलं ते सरसामुळे. लाकडाचा तो पांढरा सरस थंडीत धरत नाही. गॅरेजमध्ये पाण्याच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा जमत होता. आजोबांनी पहिला सांधा जोडला, रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवला, आणि सकाळी सोडला तर दोन तुकडे हातात आले. मध्ये खडूसारखी पांढरी भुकटी. डबीवर लिहिलं होतं म्हणे, दहा अंशांखाली वापरू नये.

"मग घरात जोडा," मी म्हटलं.

"आणि भुसा? सूनबाईच्या गालिच्यावर?"

जेवणाच्या टेबलावर विषय निघाला तेव्हा आजोबांचा बेत तयार होता. पुण्याहून आणलेला आपला एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला ॲडॉप्टर, घरातून दाराखालून वायर, आणि टोकाला बाजारातला कुठलाही हीटर.

तुमचा बाबा जेवता जेवता थांबला. "अप्पा, दोन हजार वॅटचा हीटर त्या बोर्डावर? तुम्ही कारखान्यात कुणाला असं करू दिलं असतंत?"

"कारखान्यात नसतं दिलं."

"मग इथे का?"

"इथे मी रिटायर्ड आहे," आजोबा म्हणाले, आणि बाळालाही हसू आलं असं मला वाटलं.

शेवटी ठरलं की करायचं तर नीट करायचं. तिथे अशा कामाला परवानाधारक एलेक्ट्रिकरच लागतो, नाहीतर उद्या काही झालं तर विमावाले हात वर करतात. तो आला, साठीचा, करड्या डांगरीतला, पेन्सिल कानावर. आत येऊन त्याने आम्ही आणलेल्या हीटरकडे पाहिलंच नाही. आधी विचारलं, गाडी कुठे उभी करता? तुमच्या बाबाने जिथे उभी होती तिथे बोट दाखवलं. त्यावर तो बराच वेळ बोलला. सार असं, की पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत बसते, म्हणून तापणारी वस्तू खाली नको. हीटर भिंतीवर उंच बसवायचा, त्याच्या समोर एक मीटर काही ठेवायचं नाही, आणि लाकूडकाम चालणार असेल तर गाडी बाहेर गेलेली बरी.

म्हणून त्या हिवाळ्यात, दिवसभर इतरांच्या मोटारी बनवणारा तुमचा बाबा, रोज सकाळी स्वतःच्या मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असे. "पांगुळगाडा गॅरेजमध्ये आणि माझी गाडी रस्त्यावर," असं पुटपुटत.

मुख्य पेटीतून हीटरसाठी वेगळी वायर आली, तिला स्वतःचा फ्यूज, आणि विजेची गळती झाली तर प्रवाह तोडणारं एक बटण. आजोबांना जर्मन येत नव्हतं, त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण पहिलं भोक पाडायच्या आधीच आजोबांनी पाणसळ काढून भिंतीला लावली. त्याने ती पाहिली, बुडबुडा मध्यावर आल्यावर म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. आजोबाही म्हणाले, "गेनाऊ." पुढचे दोन तास त्यांना तेवढा एक शब्द पुरला. मी चहा नेऊन दिला, त्याने दूध बाजूला ठेवायला सांगितलं आणि सगळा प्यायला.

जाताना त्याने हीटरचं बटण फिरवून दाखवलं. काम चालू असताना अमुक आकड्यावर, काम संपलं की बर्फाच्या चिन्हावर. त्या चिन्हावर ठेवला की हीटर झोपतो, पण गॅरेज गोठायच्या बेतात आलं की आपणहून उठतो, पाइप आणि सरस दोन्ही वाचवतो. हे तुमच्या बाबाने भाषांतर करून सांगितलं तेव्हा मी कप विसळायला आत गेले होते. हीटरबरोबर आलेली सूचनापत्रिका मात्र माझ्याच हातात आली. सात भाषांत होती, दुसरी इंग्रजी. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या कागदांच्या फाइलमध्ये, बरोबर जागी, लावून ठेवली. आयुष्यभर शाळेत मुलांना 'आधी सूचना वाचा' सांगितलेल्या बाईने ती उघडली नाही.

आता कव्हर. तुम्ही पुण्याच्या घरी आलात की हसता, कारण आमच्याकडे मिक्सरला कव्हर असतं, फ्रीजच्या हँडलला असतं, शिलाई मशीनला, पूर्वी टीव्हीला आणि रेडिओलाही होतं. नवीन वस्तू घरात आली की आठवड्यात तिला कव्हर शिवायचं, हे मी माझ्या आईकडून शिकले आणि त्यात मला कधी काही चुकीचं वाटलं नाही. धूळ बसली की वस्तू लवकर जाते. तिथे तर रोज बारीक भुसा उडत होता आणि नव्या कोऱ्या पांढऱ्या हीटरवर पिठासारखा बसत होता. मी टेपने माप घेतलं. माझी एक जुनी निळी सुती साडी बाळाच्या दुपट्यांसाठी आणली होती, तिचं कापड उरलं होतं. दोन दुपारी बाळ झोपलं असताना हाताने शिवलं, खाली नाडी ओवली.

ख्रिसमसनंतरच्या शनिवारी, संध्याकाळी आजोबांचं काम आटोपलं. ते हात धुवायला गेले. हीटरचा पंखा बंद होता. माझ्या लेखी पंखा बंद म्हणजे हीटर बंद. आमच्या घरात कुठलीच वस्तू आपणहून सुरू होत नाही. मी स्टुलावर चढले, कव्हर चढवलं, नाडीची गाठ मारली, आणि चार पावलं मागे येऊन पाहिलं. छान बसलं होतं. आजोबांना सकाळी दाखवू म्हटलं.

सकाळी कांदे-बटाटे आणायला मीच आधी गॅरेजमध्ये गेले. दार उघडताच करपल्याचा वास. निळं कापड मधोमध तपकिरी झालं होतं, एका जागी काळं, आणि हात लावला तिथे चुरा झाला. खालून हीटर फुरफुरत होता आणि मध्येच गप्प होत होता. बाहेर रात्री कडाक्याची थंडी पडली होती. पेट कसा घेतला नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. फ्यूजच्या पेटीकडे जायचं सुचलं नाही, बटण कुठल्या बाजूला फिरवायचं तेही नाही. मी गाठ तोडली, कव्हर ओढून काढलं, पदराखाली घेतलं आणि वर येऊन सुटकेसच्या तळाशी घातलं. कांदे-बटाटे आणायचे राहिलेच.

दहा मिनिटांनी तुमचा बाबा बर्फ लोटायचं फावडं घ्यायला गॅरेजमध्ये गेला आणि तिथूनच ओरडला, "अप्पा!"

आजोबा खाली गेले. मी जिन्यात उभी राहिले. हीटरच्या वरच्या कडेला तपकिरी डाग उमटला होता, आजही आहे.

"यावर काही वाळत घातलं होतंत का? सरसाचं फडकं? हातमोजे?"

"नाही रे."

"मग हे काय आहे? काहीतरी जळलंय इथे. फडकं कुठाय तुमचं?"

फडकं बाकाखाली पडलेलं होतं, ओलं. पण हातमोज्यांतला एकच सापडला.

आजोबा हातातल्या एका मोज्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "वाळत घातलेला आठवत नाही मला."

त्यांनी हे वाक्य बोलायला नको होतं. कारण त्याआधीच्या महिन्यात ते दोनदा किल्ली दारात विसरले होते, एकदा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून फिरायला गेले होते. त्यावर तुमच्या आईबाबांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. त्या सकाळी तुमची आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. बाळ कडेवर होतं. हळू आवाजात म्हणाली, "आई, राग मानू नका. पण मी सोमवारपासून दिवसभर घरात नसणार. अप्पांना एकटं गॅरेजमध्ये सोडणं... बाळ वरच्या खोलीत झोपलेलं असतं हो."

मी म्हटलं, "मी असते ना घरात."

"तुम्ही आहात म्हणूनच तर मी जाऊ शकते," ती म्हणाली.

सोमवारी जानेवारीचा पहिला कामाचा दिवस. ती दहा महिन्यांनी पहिल्यांदा बाळाला सोडून जाणार होती, ते माझ्या भरवशावर. आणि करपलेलं कव्हर माझ्या सुटकेसमध्ये होतं.

दुपारी मी कागदांची फाइल काढली आणि ती पत्रिका वाचली. इंग्रजीत, दुसऱ्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत होतं: हीटर कधीही झाकू नये, बंद असतानाही नाही. खाली लिहिलं होतं की फार तापला तर आतला स्विच वीज तोडतो. त्या स्विचमुळे आपण वाचलो होतो. मी पत्रिका परत जागी लावली. आजोबा तेव्हा बाकाशी बसून एका कागदावर काहीतरी लिहीत होते. ते उठल्यावर मी पाहिलं. 'हीटर — बर्फावर. फडकं — खाली. मोजे — खिशात. किल्ली.' छापील अक्षरांत, कारखान्यात मशिनवर चिकटवायची पाटी लिहावी तसं. हा माणूस चाळीस वर्षांत एक स्क्रू कुठे लावला ते विसरला नव्हता.

त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, आम्ही द्राक्षमळ्यांच्या रस्त्याने फिरायला गेलो. मी कव्हर कोटाच्या आत घेऊन गेले होते. वरच्या बाकावर बसल्यावर त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"अहो, हे मी केलं. तुम्ही काही विसरला नाहीत."

त्यांनी ते उलगडलं, करपलेला भाग बोटांनी चाचपला, मग उरलेली शिवण उजेडाकडे धरून पाहिली. "टीप सरळ आहे," म्हणाले. मग इतके हसले की खोकला लागला. "अगं, गेली ती बुद्धी माझी, असं समजून मी सकाळपासून बसलोय! पाढे म्हणून पाहिले. एकोणतीसचा येतोय का बघत होतो!"

"मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

त्यांचं हसू थांबलं. "कुणाला सांगतेस? सूनबाईला? आणि मग सोमवारी ती जाईल कामावर?"

"न सांगून कसं चालेल? तो तुम्हाला गॅरेजची किल्लीसुद्धा देणार नाही."

"नाही दिली तर नाही. माझ्याकडे लाकूड आहे, तुझ्याकडे पोर आहे. लाकडाला कुणी सांभाळलं नाही तरी चालतं." त्यांनी कव्हर घडी करून मला परत दिलं. "माझ्यावर राहू दे. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी ऐकलं. मला ते ऐकायचंच होतं, हेही लिहून ठेवते.

एलेक्ट्रिकर मंगळवारी तपासायला आला. आवरण उघडलं, आतला स्विच पाहिला, जाळी पुसली. जाळीतून त्याने चिमट्याने निळ्या सुताचा एक धागा काढला, टोकाला जळलेला. आजोबांचे मोजे करडे होते. त्याने धागा पाहिला, मग दारात बाळाला घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. हीटरवर एक चिन्ह होतं, जे मी नक्षी समजून कधी नीट पाहिलं नव्हतं, त्यावर त्याने दोनदा पेन्सिल आपटली. "आल्झो," म्हणजे 'तर मग', असं म्हणाला आणि पुढे एक वाक्य. तेवढ्यात कामावरून मधल्या सुट्टीत आलेल्या तुमच्या बाबाने मला भाषांतर करून सांगितलं, "कधीच झाकायचा नाही म्हणतोय. अप्पांना सांग, आई, तुझं ऐकतात ते."

हरवलेला मोजा पुढच्या आठवड्यात आजोबांच्याच दुसऱ्या स्वेटरच्या बाहीत सापडला. त्यांनी तो कुणाला दाखवला नाही.

गॅरेजची किल्ली तुमच्या बाबाकडे गेली. तो घरी असेल तेव्हाच, म्हणजे शनिवारीच, आजोबा काम करत, कारण रविवारी तिथे ठोकाठोक चालत नाही. सोमवार ते शुक्रवार ते माझ्याबरोबर घरात असत, बाळाला गुडघ्यांवर झुलवत, खिडकीतून कुत्रं दाखवत. सुरुवातीला वैतागलेले असत. नंतर नव्हते. मी बाळाला भरवत असताना ते मला पेपरातले जर्मन शब्द विचारत, जणू मला येत होते. तुमच्या आईने पहिल्या दिवशी ऑफिसातून चार वेळा फोन केला, तिसऱ्या आठवड्यात एकदाही केला नाही.

सात शनिवारांत पांगुळगाडा पुरा झाला. हीटर लागला की सरस धरत असे, सांधे पक्के बसले. निघायच्या आदल्या शनिवारी शेवटचं चाक चढलं आणि मोठी दांड्याला धरून दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, भिंतीवर आपटली आणि मागे वळायचं कसं ते न कळून रडली. आजोबांनी गाडा उलटा फिरवून दिला.

तीन महिन्यांचा प्रश्न तीन महिन्यांत मिटला नाही. पुढे दर हिवाळ्यात कुणी चुलीवर दूध विसरलं, कुणी दिवा चालू ठेवला, की 'आजोबांसारखं' म्हणायची घरात रीत झाली. आजोबा त्यावर सर्वांत मोठ्याने हसत आणि माझ्याकडे पाहत नसत. मी प्रत्येक वेळी म्हणत होते, आता सांगू. ते होते तोवर त्यांनी सांगू दिलं नाही. ते गेल्यावर अडवणारं कुणी नव्हतं, तरी मी गप्पच होते. याला कारण भीती, दुसरं काही नाही. तुमच्या आईने एकदा म्हटलं होतं ते वाक्य, 'तुम्ही आहात म्हणूनच,' मला गमवायचं नव्हतं.

सूनबाई, तुम्ही हे ऐकत असालच. तुम्ही ज्या सोमवारी कामावर गेलात त्या सोमवारी तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं. ते मी तुम्हाला कळू दिलं नाही. आणि तू, वाचता वाचता थांबला असशील तर पुढे वाच. अप्पा काही विसरले नव्हते.

आता मोठीसाठी कामाचं. हीटर स्वतः काढू नकोस आणि स्वतः लावू नकोस, दोन्हीला एलेक्ट्रिकर बोलाव. आखनच्या गॅरेजमध्ये त्याला वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज मागून घे, जुन्या घराच्या कुठल्यातरी प्लगमध्ये एक्स्टेन्शन लावून चालवू नकोस, मैत्रिणी कितीही म्हणाल्या तरी. तिथे साखळ्या धुवायला पेट्रोल किंवा तसलं काही वापरत असाल तर ते हीटर असलेल्या खोलीत नको. भुसा नसेल, पण धूळ बसेलच. वीज बंद करून, हीटर गार झाल्यावर, कोरड्या ब्रशने झाड. गळतीचं बटण मधूनमधून दाबून पाहा, लगेच वीज तुटली पाहिजे. ओले हातमोजे दोरीवर वाळत घाल, हीटरवर नाही. आणि बर्फाच्या चिन्हावर ठेवलेला हीटर बंद नसतो, हे तुझ्या दोन्ही मैत्रिणींना तू स्वतः सांग, त्या कप विसळायला गेलेल्या नाहीत ना ते पाहून.

पत्रिका घरातल्या फाइलमध्ये, तिसऱ्या कप्प्यात, अजून असेल. इंग्रजी दुसऱ्या पानावर आहे.

उरलंय ते इतकंच. हीटर चालतो आहे, वरच्या कडेला डाग आहे. पांगुळगाडा तळघरात आहे आणि त्याचा एकही सांधा सुटलेला नाही. कव्हर मी या पाकिटात घातलं आहे. मधलं कापड गेलं, पण कडेची शिवण आणि नाडी शाबूत आहे.